रेड अलर्ट आहे म्हणे, पण कुठं आणि कधीपर्यंत?

जुलैतली रात्र, पावणेअकरा वाजलेले, बाहेर बदाबदा कोसळतंय आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडतो. जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र, उद्या शाळांना सुट्टी. लगेच अंगठे, नमस्कार, नाचणाऱ्या इमोज्या. दोन आयांनी तर व्हॅनवाल्या काकांना फोन करून 'उद्या येऊ नका' सांगूनपण टाकलं. मग सी विंगमधल्या एका आजोबांनी (बँकेतून रिटायर झालेत, त्यांना तारखा दिसतात) लिहिलं की पत्रावर दिवस आणि महिना बरोबर आहे, साल मागचं आहे. ग्रुप एकदम चिडीचूप. व्हॅनवाल्या काकांना परत फोन. सकाळी सव्वासहाला खरोखरच सुट्टी जाहीर झाली ती गोष्ट वेगळी, पण तोवर अर्धी पोरं युनिफॉर्म घालून दूध पीत बसली होती.

आता फोटो टाकणाऱ्या ताईंना नावं ठेवणं सोपंय, ठेवलीच लोकांनी. पण ज्याला त्या रात्री खात्री करायची होती त्याने बघायचं कुठे? मी बघितलं. 'ठाणे शाळा सुट्टी उद्या' असं टाकलं तर वरच्या पाचातल्या तीन बातम्या जुन्या सालातल्या, एक पालघरची, आणि एक व्हिडिओ ज्यात तो माणूस आधी चॅनेल सबस्क्राईब करायला सांगतो मग पावसाबद्दल बोलतो. माझं कामच वेबसाईट बनवायचं आहे, कुठे काय दडलेलं असतं ते मला माहीत असतं, तरी सात-आठ मिनिटं गेली.

म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूया. इशारा निघतो कुठून, आपल्या फोनवर येतो कसा, आणि मधे कुठे सांडतो. माझं म्हणणं असं आहे की हल्ली इशारे पोचतात, बऱ्यापैकी पोचतात, घोळ होतो तो पुढच्या पाच-दहा मिनिटांत, माणूस फोन हातात धरून 'हे खरंय का, माझ्यासाठी आहे का' हे शोधत असतो तेव्हा.

दवंडीत काय काय असायचं

आजीच्या गावात दवंडी पिटायचे ती मी लहानपणी एक-दोनदा ऐकलीय. हलगी वाजवत माणूस चौकात थांबायचा, 'ऐका हो ऐका', मग उद्या सकाळी पाटाला पाणी सुटणार आहे, खालच्या अंगाला जनावरं बांधू नका, आणि शेवटी हे कुणी सांगितलंय ते, म्हणजे ग्रामपंचायत का पाटबंधारेवाले. संपलं. दोन वाक्यांचा मामला. पण बघा त्यात काय काय आलं: कोण सांगतंय, काय होणारे, कुठे, कधी, आणि आपण काय करायचं.

गंमत म्हणजे अमेरिकेत डेनिस मिलेटी नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी कित्येक वर्षं पूर, वादळ, भूकंप यांचे इशारे लोक कसे घेतात याचा अभ्यास केला आणि चांगल्या इशाऱ्यात काय हवं म्हणून जी यादी काढली ती जवळपास हीच पाच. हलगीवाल्याला ते आधीच ठाऊक होतं म्हणायचं.

दवंडीत आणखी एक सोय होती जी तेव्हा कुणाच्या डोक्यातपण आली नसेल. ती हवेत विरून जायची. कालची दवंडी आज ऐकू येत नाही. नेटवर काहीच विरत नाही, २०१९ चा रेड अलर्ट, २०२१ चा, परवाचा आणि आत्ताचा सगळे एकाच ओळीत उभे असतात आणि सगळ्यांचे कपडे सारखेच असतात.

फोन अचानक बोंबलतो तो कसा

२० जुलै २०२३ आठवतोय? आदल्या रात्री रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती, सकाळी लोक त्याच बातम्या बघत होते आणि मधेच कितीतरी जणांचे फोन कर्कश्श वाजायला लागले. सायलेंटवर होते तेपण. बॉम्बचा इशारा आहे का, फोन हॅक झाला का, काही विचारू नका. उघडून वाचलं तर टेस्ट मेसेज होता, काही करायची गरज नाही असं त्यातच लिहिलेलं.

त्या पद्धतीला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. साधा एसेमेस म्हणजे पोस्टमन, एकेक पत्ता बघून एकेका घरी जाणार, लाख लोकांना द्यायचं तर लाख फेऱ्या आणि गर्दी झाली की उशीर. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे देवळावरचा भोंगा. मोबाईलचा टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टप्प्यात जेवढे चालू फोन आहेत त्या सगळ्यांना ऐकू जातं. तुमचा नंबर त्याला माहीत नसतो, लागतही नाही. इंटरनेट पॅक संपलेला असला तरी चालतं. तुम्ही कोल्हापूरचे पण आज चिपळूणला गेलेले असाल तर चिपळूणचा भोंगा ऐकू येणार, जे बरोबरच आहे.

याच्या मागे 'सचेत' नावाची यंत्रणा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, म्हणजे एनडीएमएची, आणि बांधलीय सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संशोधन संस्थेने. हवामान खातं पावसाचं सांगतं, केंद्रीय जल आयोग नद्यांच्या पुराचं, हैदराबादची इन्कॉइस समुद्राच्या लाटांचं आणि त्सुनामीचं, आणि हे सगळं एका ठिकाणी येऊन तिथून एसेमेस, ॲप, वेबसाईट असं फुटतं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप वेगळं, ते तुमच्या आजूबाजूच्या २० आणि ४० किलोमीटरमधली वीज दाखवतं, शेतात काम करणाऱ्यांनी तर ते ठेवावंच.

म्हणजे भोंगा तयार आहे. आता पुढे.

भोंगा वाजल्यावर माणूस पळत नाही, विचारतो

आपल्याला वाटतं की इशारा आला की लोक सैरावैरा धावत सुटतील. तसं सहसा होत नाही. लोक खिडकीतून बाहेर बघतात. शेजाऱ्याला विचारतात, 'तुलापण आला का रे?' ग्रुपवर टाकतात, टीव्ही लावतात, गुगल करतात. मिलेटी आणि मंडळींनी हेच सांगितलंय की इशारा ऐकल्यापासून उठून काही करेपर्यंत माणूस घुटमळतो, चार ठिकाणी पडताळून बघतो, आणि हा मूर्खपणा नाहीये, घरदार सोडायचं म्हटल्यावर कोणीही दोनदा विचारणारच की.

मग ही घुटमळ जितकी लांबेल तितका वेळ वाया. आणि ती लांबते कशामुळे, तर नीट उत्तर न सापडल्यामुळे. दवंडीतल्या त्या पाचातली तीन उत्तरं मिळाली आणि 'कुठे' राहिलं की माणूस परत ग्रुपवर.

शोधल्यावर हाताला काय लागतं

एक, जुनी बातमी. मथळा असा की 'राज्यात पुढचे ४८ तास धोक्याचे'. कुठले ४८? तारीख पार खाली बारीक अक्षरात, किंवा 'अपडेटेड' म्हणून भलतीच. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद होता, 'टाकी साफ करायची असल्याने उद्या पाणी येणार नाही'. तारीख नाही. तो कागद तिथे तीन आठवडे होता आणि प्रत्येक पाहुणा बादल्या भरायचा सल्ला देऊन जायचा. नेटवरचे निम्मे इशारे या जातीचे.

दोन, फोटो. हा माझा खास राग आहे त्यामुळे थोडं थांबते इथे. पत्र टाईप करायचं, प्रिंट काढायची, सही-शिक्का, मग त्याचा मोबाईलने फोटो काढायचा, किंचित तिरका, कोपऱ्यात अंगठा, आणि तो ट्विटरवर टाकायचा. म्हणजे जे अक्षर कॉम्प्युटरमध्ये जिवंत होतं त्याला मारून त्याचा फोटो लावला भिंतीवर. सर्च इंजिनला तिरक्या फोटोतलं मराठी धड वाचता येईलच असं नाही. ज्याला दिसत नाही आणि जो टॉकबॅकवर (म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) फोन वापरतो त्याला तर बऱ्याचदा फक्त 'फोटो' एवढंच ऐकू येतं, झालं. कॉपी करून सासूबाईंना पाठवता येत नाही, दुसऱ्या भाषेत करता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटो फॉरवर्ड झाला की तो कधी, कुणी, कुठे टाकला होता ते सगळं गळून पडतं, आमच्या ग्रुपवर आलं ते हेच.

तीन, पीडीएफ. बारा पानांचं बुलेटिन, त्यात तुमचा जिल्हा सातव्या पानावर तक्त्यात. पूर आलेला असताना नेट आधीच रडत असतं, त्यात चार एमबीची फाईल उघडायची.

यलो, ऑरेंज, रेड: रंग कुणाचा, कशाचा

हवामान खात्याचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे काही विशेष नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. सिग्नलसारखं वाटतं पण एक फरक आहे, रंग फक्त किती पाऊस पडणार यावर ठरत नाही, त्याने किती नुकसान होऊ शकतं आणि तसं होण्याची शक्यता किती हे धरून ठरतो.

पावसाचे आकडेपण ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, त्याच्या वर २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याच्याही पुढचा. इथे मराठीत एक गोंधळ आहे बरं का. बातमीत 'अतिवृष्टी' असा शब्द येतो तो कधी या सगळ्यात वरच्या पायरीसाठी वापरतात, आणि महसूल खातं पीक नुकसानीसाठी ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी म्हणतं. एकच शब्द, आणि दोन अर्थांमध्ये तिप्पट फरक.

मग आता ते नेहमीचं रडगाणं, 'रेड अलर्ट दिला आणि ऊन पडलं'. ह्यातलं बरंचसं वाचण्यात सांडलेलं असतं. बुलेटिनमध्ये 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ तिथे ठरलेला आहे, त्या भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. आपण 'पुणे, रेड' एवढंच वाचतो. पुणे जिल्हा म्हणजे ताम्हिणीपण आणि इंदापूरपण, एकीकडे माणूस वाहून जाईल असा पाऊस आणि दुसरीकडे टँकरची वाट. म्हणून तर हवामान खातं पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, आणि मथळा करताना कुणीतरी 'घाट' हा शब्द कापतो कारण ओळ लांब होते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मोजणीत कुलाब्याला ७५ चाही आकडा नाही. एकाच शहरात. कुलाब्याच्या माणसाने त्या संध्याकाळी खिडकीतून बघून ठरवलं असतं तर त्याला काय कळलं असतं?

अजून एक, दिवसाचा. आपला दिवस रात्री बाराला बदलतो, हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. त्यामुळे 'आजचा इशारा' हा उद्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो बहुतेक वेळा. आणि 'पुढच्या तीन तासांसाठी' असा जो तातडीचा अंदाज येतो तो खरोखर तीनच तासांचा असतो, तो दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड करण्यात काहीही अर्थ नाही, पण होतो.

क्युसेक म्हणजे किती टँकर

धरणातून पाणी सोडलं की बातमी येते, 'खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेक विसर्ग'. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे ३५ हजार क्युसेक झाले सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा, तसे शंभर टँकर, दर सेकंदाला, पुण्याच्या दिशेने. आता अंगावर काटा येतो की नाही? पण तरीही ज्याचं घर नदीकाठी आहे त्याला यातून एकच गोष्ट हवीये जी मिळत नाही, माझ्या पार्किंगमध्ये पाणी येणार का आणि किती वाजता.

२५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रोडच्या एकतानगरीत हेच झालं. विसर्ग वाढत गेला, सोसायट्यांमध्ये पाणी घुसलं, बोटी आणायला लागल्या. आम्हाला वेळेत कळलंच नाही असं तिथले रहिवासी टीव्हीवर सांगत होते. आकडा कुठेतरी जाहीर झालेला असणं वेगळं आणि झोपलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळणं वेगळं.

उलट आमच्या आईचं बघा. ती कोल्हापूरला, नदीच्या बाजूला. मी इकडून फोन करून सांगते की आई रेड अलर्ट आहे गं, तर ती म्हणते, 'त्ये रेड-बिड राहू दे, फूट किती झालं सांग.' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. एवढे दोन आकडे अख्ख्या शहराला पाठ आहेत. आणि त्याला जोडून प्रत्येकाचा स्वतःचा हिशोब असतो, अमुक फुटाला आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी, तमुक फुटाला खालची खोली रिकामी करायची. २०१९ आणि २०२१ ला पाणी पंचावन्नच्याही पुढे गेलं तेव्हा तो हिशोब सगळ्यांना नव्याने मांडायला लागला. जुनी माणसं तर अजून शिवाजी पुलाकडे बघून मच्छिंद्री झाली का नाही, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का, एवढंच विचारतात.

हा फूट म्हणजे मला माहीत असलेला सगळ्यात चांगला सरकारी इशारा आहे. एक जागा, एक आकडा, वेळ सोबत, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ आधीपासून ठाऊक. आईला वेबसाईट उघडता येत नाही, पण 'सकाळी दहाला ४१ फूट ३ इंच' असा साधा मजकूर ती वाचते आणि कपाटातले खालचे दोन कप्पे रिकामे करायला घेते.

दुधाच्या पिशवीवर तारीख असते, इशाऱ्यावर का नको

आता थोडं तांत्रिक, पण एकदाच. जगभर इशारे लिहायचा एक ठरलेला साचा आहे, कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, कॅप म्हणतात. आपली 'सचेत' त्यावरच चालते. साचा म्हणजे काय, रेल्वे रिझर्वेशनचा फॉर्म आठवा, नाव, वय, गाडी नंबर, कुठून कुठे, एकेक चौकट. तसंच इथे: घटना कुठली, तातडी किती, गंभीर किती, खात्री किती, भाग कुठला, केव्हापासून, केव्हापर्यंत, लोकांनी काय करायचं. तातडी, गांभीर्य आणि खात्री तीन वेगळ्या चौकटीत आहेत हे मला फार आवडतं, कारण खात्री थोडी पण झालं तर भयंकर, असं असू शकतं आणि ते तसंच्या तसं सांगता येतं.

आणखी दोन चौकटी महत्त्वाच्या. एक, हा खरा इशारा आहे का सराव का टेस्ट. दुसरी, हा नवीन इशारा आहे का जुन्यात बदल, का जुना रद्द. म्हणजे 'रद्द' हाही एक रीतसर इशारा आहे, आणि तो कुठल्या इशाऱ्याला रद्द करतोय ते त्यात लिहिलेलं असतं. ग्रुपवर 'अरे ते कॅन्सल झालं' असं कुणीतरी लिहितो तेव्हा काय कॅन्सल झालं हे विचारायला चार मेसेज जातात ना, ते इथे वाचतात.

वेबपानांसाठीपण अशीच सोय आहे. पानावर जे माणसाला दिसतं त्याच्या मागे मशीनला वाचता येईल असं एक लेबल लावता येतं. २०२० साली कोविड आल्यावर स्कीमा डॉट ऑर्गने (अशी लेबलं ठरवणारा प्रकल्प) 'स्पेशल अनाउन्समेंट' नावाचं असं लेबल काढलं, कधी टाकलं, कुठल्या भागासाठी, कधी संपणार. दुधाच्या पिशवीवर वापरायची तारीख छापलेली असते म्हणून आपण पिशवी फोडून वास घेत बसत नाही. तसं लेबल असेल तर सर्च इंजिनला, ॲपला, कुणालाही कळू शकतं की हे पान शिळं झालं, मागे टाका.

पण खरं सांगू का, लेबल-बिबल नंतरची गोष्ट. निम्मं काम साध्या शिस्तीत आहे. दर वेळी नवीन पीडीएफला नवीन लिंक देण्यापेक्षा जिल्ह्याचं एकच कायमचं पान ठेवायचं, पत्ता कधी बदलायचा नाही, वर मोठ्या अक्षरात 'आत्ता लागू असलेले इशारे', आणि काही नसेल तर तसंही लिहायचं, 'आत्ता एकही इशारा लागू नाही, सायंकाळी ६.१० ला तपासलं'. संपलेले इशारे खाली, वर 'मुदत संपली' असा ठसठशीत पट्टा. सही-शिक्क्याचं पत्र हवं तर लावा की, पण त्यातला मजकूर आधी अक्षरात.

आणि मजकूर. हल्ली येतो तो साधारण ह्या धाटणीचा असतो: 'येत्या ३ तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या पर्जन्यवृष्टीची शक्यता असून नागरिकांनी योग्य ती खबरदारी घ्यावी.' योग्य ती म्हणजे कुठली हो? हेच असं लिहिता येतं: 'आज दुपारी ४ ते ७, मुरबाड आणि शहापूर तालुक्यात विजा पडण्याचा धोका. शेतात असाल तर आत्ता पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. जिल्हा आपत्ती कक्ष, दुपारी ३.४०.' 'येत्या ३ तासांत' लिहिलं की मेसेज उशिरा उघडणाऱ्याचे तीन तास तिथून सुरू होतात, घड्याळाची वेळ लिहिली की होत नाहीत, एवढीशी गोष्ट.

'पण एवढं स्पष्ट लिहिलं तर लोक घाबरतील'

ही शंका मला एका कार्यालयात कामाच्या मीटिंगमध्येच ऐकायला मिळालीय, नाव नको. 'मॅडम, पॅनिक होईल.' माणूस घाबरतो तो माहिती अर्धवट असल्यावर. 'रेड अलर्ट' एवढेच दोन शब्द आले तर काय समजायचं? 'जिन्याने वरच्या मजल्यावर जा, तळमजल्यावर थांबू नका' असं कळलं तर हातपाय कामाला लागतात.

आणि घाबरतील म्हणून थांबण्याचंही बघू. स्पेनमध्ये वालेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ ला पूर आला, हवामान खात्याचा लाल इशारा सकाळपासून होता, पण फोनवरचा भोंगा वाजला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर कित्येक गावांत पाणी शिरलेलं होतं, लोक गाड्यांत, तळघरात अडकलेले होते. दोनशेपेक्षा जास्त माणसं गेली. तिथे नंतर महिनोन्महिने मोर्चे निघाले ते उशिरावरूनच.

खोटा इशारा गेला तर? गेलाय. हवाईमध्ये १३ जानेवारी २०१८ ला सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी लोकांच्या फोनवर आलं की क्षेपणास्त्र येतंय, आडोसा शोधा, हा सराव नाही. सरावातली चूक होती. फोनवर 'खोटं होतं' असा मेसेज जायला ३८ मिनिटं लागली, लोकांनी पोरांना बाथटबमध्ये झोपवून वर गाद्या टाकल्या. आणि गव्हर्नर डेव्हिड इगे यांना दोनच मिनिटांत कळलं होतं की हे खोटं आहे, पण ट्विटर अकाउंटचा पासवर्ड माहीत नसल्याने सांगायला उशीर झाला असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. मला यात हसू येतं आणि पोटात गोळापण, कारण आपल्याकडच्या किती कार्यालयांचे पासवर्ड एका कंत्राटी मुलाकडे असतात आणि तो रात्री अकराला फोन उचलत नाही हे मी बघितलंय. चूक होणारच कधीतरी, रद्द करायची वाट आधीपासून मोकळी पाहिजे.

'पुरात नेट कुठे असतं, ऑनलाईनचं काय घेऊन बसलात'

बरोबर आहे. लाईट जाते, टॉवरचं डिझेल संपतं, मग भोंगापण गप्प. म्हणून तर सायरन, रिक्षावरचा स्पीकर, तलाठी, पोलीस पाटील हे सगळे लागतातच. पण एक विसरू नका, पाणी येण्याच्या आधीचे सहा-आठ तास नेट असतं आणि निर्णय त्याच वेळात घ्यायचा असतो. शिवाय पूरग्रस्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पोरं पुण्यात, मुंबईत, दुबईत असतात आणि तीच तिथून शोधून फोन करतात. आईला फूट सांगणारी मी ठाण्यातच बसलेली असते ना. आणि पान फक्त अक्षरांचं असेल तर टूजीवरही उघडतं.

तोपर्यंत आपल्या हातात काय

फोनची सेटिंग आजच बघून ठेवा. अँड्रॉईडवर 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'च्या आत वायरलेस इमर्जन्सी अलर्ट असं असतं, आयफोनला नोटिफिकेशनच्या पार तळाशी सरकारी अलर्टचं बटण. २०२३ च्या त्या टेस्टनंतर वैतागून अनेकांनी ते बंद केलंय, आमच्या ह्यांनीसुद्धा.

इशारा कुणाचा हे बघायची सवय लावा, पावसाचा असेल तर हवामान खातं, शाळेची सुट्टी असेल तर जिल्हाधिकारी किंवा महापालिका, धरणाचा असेल तर जलसंपदा. 'नासाने सांगितलंय' असं आलं की पुढे वाचायचंच नाही. नेटवर धड काही सापडत नसेल तर फोन करा: जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, राज्याचा १०७०, मुंबई महापालिका १९१६, आणि जीवावर बेतलं तर ११२.

आणि पुढे पाठवायचाच असेल तर फोटोऐवजी लिंक पाठवा, आणि वर स्वतः एक ओळ टाईप करा, कुठला भाग, कधीपर्यंत. आमच्या ग्रुपवर त्या रात्रीनंतर हा नियम झालाय. सी विंगचे आजोबा आता अधिकृत तपासनीस आहेत, साल नसलेला प्रत्येक मेसेज ते 'कधीचं?' एवढं एकच लिहून परत पाठवतात. परवा कुणीतरी मुलीच्या लग्नाची पत्रिका टाकली, त्यावरपण लिहिलं त्यांनी.